जहाजाची पोथी

मी आयुष्यात एकदाच शाल-नारळ घेऊन सत्कार करून घेतला आहे. ज्या गोष्टीसाठी तो झाला ती गोष्ट होऊच नये, म्हणून त्याच आठवड्यात मी मनातल्या मनात मारुतीला तेल कबूल करत होतो. विज्ञानाचा मास्तर आणि मारुतीला तेल! पण अडकलेला माणूस कुठंही हात जोडतो, आणि मी तर स्वतःच्याच करणीनं अडकलो होतो.

तेव्हा मी पालमच्या बाजूला एका लहान गावात शाळेवर होतो. मूळचा मानवतचा. मानवतला कापसाचा बाजार, स्टेशन जवळ, दुकानांची एक ओळ. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला शहरातला माणूस समजत असे. बदली होऊन आलो त्या दिवशी पँटची घडी सांभाळत एसटीतून उतरलो होतो. त्या घडीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, याचं मला बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

गावात टीव्ही एकच. सरकारनं ग्रामपंचायतीला दिलेला, लाकडी पेटीत कुलूपबंद. पेटीची किल्ली सरपंचांच्या करदोड्याला. रविवारी सकाळी सरपंच अंघोळ करून येत, पेटी उघडत, टीव्हीला उदबत्ती ओवाळत आणि मग बटण दाबत. परभणीचं केंद्र लांब आणि नांदेडचंही लांब, त्यामुळे चित्रापेक्षा मुंग्या जास्त. तरी चावडी भरून जायची.

त्या वर्षी रविवारी एक मालिका लागू लागली. नऊ माणसं एका यानात बसून आकाशात लांब कुठंतरी जायला निघाली आहेत, अशी गोष्ट. गाव त्या यानाला जहाजच म्हणे. आज आठवून बघतो तेव्हा लक्षात येतं की त्या यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या आणि कप्तानानं दार लोटलं की शेजारची भिंतही थोडी हलायची. तेव्हा मला यातलं काही दिसलं नाही. मी पहिल्याच भागाला वेडा झालो. आठवडाभर वर्गात उत्प्लावक बल शिकवताना डोक्यात ते यान. एकदा फळ्यावर मी आकृती काढली आणि खाली नाव दिलं 'कप्तान'. पोरांनी ती तशीच उतरवून घेतली, आणि सहामाहीच्या पेपरात तिघांनी काढलीसुद्धा.

मालिका हिंदीत होती. आमच्याकडे हिंदीचं वावडं नाही. निजामाच्या राज्यात दोन-अडीच शतकं काढलेला मुलूख, बाजारात, उरुसात, कोर्टाच्या पायरीवर सगळ्यांची जीभ उर्दूत चालते. पण यानातली माणसं जी हिंदी बोलत ती कुणाच्या बापजाद्यांनी ऐकलेली नव्हती. कप्तान म्हणाला, 'गुरुत्वाकर्षण क्षीण हो रहा है', आणि सगळी चावडी माझ्याकडे बघू लागली.

"गुरुजी, तुमी अर्थ सांगा," सरपंच म्हणाले.

आमच्या गावात श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. वाचणारा कुणीही चालतो, अर्थ सांगणाऱ्याला मान असतो. त्याला चहा आधी मिळतो, तो बोलताना कुणी उठून जात नाही, आणि त्याचं चुकलं असं कुणी तोंडावर म्हणत नाही. मी देवळात कधी गेलो नव्हतो, पण त्या मानावर माझा डोळा होताच. मी लगेच टीव्हीशेजारी खुर्ची टाकली, हातात शाळेतली लाकडी पट्टी घेतली, आणि तेरा आठवडे त्या मालिकेचा अर्थ सांगितला. कप्तान एक वाक्य बोले, मी चार बोले. पुष्कळदा माझं बोलणं संपेपर्यंत टीव्हीवर पुढची दोन संकटं होऊन गेलेली असत. कुणाची तक्रार नव्हती. लोक माझ्याकडेच बघत, आणि मला ते अतिशय आवडे.

एक गोष्ट आवडण्यासारखी नव्हती, आणि ती लिहिल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही. बौद्ध वाड्यातली माणसं मालिका बघायला खिडकीबाहेर उभी राहत. चावडीत जागा असली तरी बाहेरच. विद्यापीठाच्या नामांतरावरून ती सगळी वर्षं धुमसत होती. आसपासच्या गावांत काय होऊन गेलं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. मी दुसऱ्या ग्रहावरची माणसं कशी असतील ते पट्टीनं दाखवत होतो आणि खिडकीतल्या माणसांना आत या म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. तेरा रविवार. सरपंचांना काय वाटेल, हा एवढाच विचार त्यामागं होता.

तेराव्या भागात यान एका अनोळखी ग्रहावर कोसळलं. धूर झाला. नऊही जण जिवंत निघाले. दार उघडलं, आतल्या चेहऱ्यांवर पांढरा उजेड पडला, आणि 'क्रमशः' अशी पाटी आली. पुढच्या रविवारी त्या वेळेला गुरांच्या लसीकरणाचा कार्यक्रम लागला. आम्हाला वाटलं, एखाद्या आठवड्याचा घोळ असेल. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा गुरंच.

मी हाय खाल्ली. एक दिवसाआड दिल्लीला टीव्हीवाल्यांना पोस्टकार्डं लिहू लागलो. मजकूर अर्जाचा असे: 'कप्तान व इतर आठ इसम अनोळखी ग्रहावर अडकून पडलेले असून त्यांची लवकरात लवकर सुटका व्हावी, ही नम्र विनंती.' खाली गावकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे. अंगठ्यांसाठी मी शाईचं पॅड घेऊन घरोघर फिरलो. काहींना वाटलं नसबंदीची यादी आहे, ते मागच्या दारानं पसार झाले.

उत्तर एकाही कार्डाला आलं नाही. दोनेक महिन्यांनी सरपंच आणि चार जाणती माणसं माझ्या खोलीवर आली. तोंडं गंभीर.

"गुरुजी, पोथी लावली की समाप्ती व्हावी लागती," सरपंच म्हणाले. "अर्धी ठिवायची न्हाई. गावाला बाधतं."

मी म्हणालो, ही पोथी नव्हे, मालिका आहे. ते म्हणाले, उदबत्ती लावून सुरू केलेली ना? अर्थ सांगायला माणूस बसवलेला ना? मग पोथीच. आणि खरं सांगायचं तर अर्थ सांगणाऱ्याची खुर्ची गेल्यापासून मला करमतही नव्हतं. रविवारी सकाळी मी खोलीत बसून आपलीच नखं बघत असे. तेव्हा मी जे बोललो ते गावासाठी बोललो असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे.

मी म्हणालो, "या मालिकेचं मूळ पुस्तक आहे. माझ्याकडे आहे ते."

असं पुस्तक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नववीचं भौतिकशास्त्र खाकी कव्हर घालून लाल फडक्यात बांधलं, आणि रविवारी शाळेच्या लिंबाखाली बसून ते उघडून 'वाचू' लागलो. फडक्यातल्या वस्तूला हात लावायचा नाही, हा संस्कार गावावर पक्का होता. त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. लिंबाखाली भिंत नव्हती की खिडकी नव्हती, त्यामुळे तिथं सगळेच बसले. यात माझं श्रेय काही नाही, मी फक्त सावली बघून जागा धरली होती.

माझ्या कल्पनाशक्तीची धाव त्या काळी गंगाखेडच्या पुढं नव्हती. अनोळखी ग्रह मी रंगवू लागलो तो हुबेहूब आमचाच माळ झाला: दगड, कुसळं आणि पाण्याची बोंब. नऊ जणांनी बोअर घेतली, तिला दोनशे फुटांवर पाणी लागलं तेव्हा श्रोत्यांत दोघांनी सुस्कारा सोडला. ग्रहावरचे रहिवासी कसे असतील हे काही केल्या सुचेना, म्हणून मी त्यांना तहसिलातले कारकून केलं. ग्रह सोडायचा तर त्यांचा शिक्का लागे, आणि शिक्केवाला नेमका जेवायला गेलेला असे. ही अडचण गावाला इतकी खरी वाटली की कुणी शंका काढली नाही. उलट राणीसावरगावच्या बाजाराहून आलेला एकजण म्हणाला, आपल्याकडं बरं हाय म्हणायचं मग.

शंका काढणारी एकच होती. गावाच्या खालच्या अंगाला मेंढ्या राखणारी चार घरं होती, त्यातली साठीच्या पुढची एक बाई. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणे. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिच्यापुढं गोष्ट सांगताना मला शिक्षणाधिकाऱ्यांपुढं पाठ घेतल्यासारखा घाम फुटे. मागल्या रविवारी कप्तानाचा डावा हात दुखावला होता, आज उजवा कसा? बोअरचं पाणी खारं म्हणाला होतात, मग चहा कसा केला? मी 'पुस्तकात तसं आहे' म्हणून वेळ मारून नेई. ती मान हलवी आणि मेंढीच्या लोकरीचा दोरा वळत बसे.

दिवाळीच्या आधी मी समाप्ती केली. कारकुनांनी शिक्का मारला, यान उडालं, पृथ्वीवर उतरलं, एकेक जण पायरीवरून खाली आला आणि आपापल्या घरच्यांना भेटला. मी आवाज कापरा केला होता. दोन बायांनी पदर डोळ्यांना लावले. सरपंचांनी नारळ फोडला, साखर वाटली, मी फडकं बांधलं.

"आठच उतरले," मावशी म्हणाली.

मी म्हणालो, नऊ. ती म्हणाली, आठ. बोटांच्या पेरांवर तिनं मोजून दाखवलं. "कप्तान. दाढीवाला. टकल्या. त्या दोन बाया. चष्मेवाला. आन् ते एकावानी एक दिसनारे दोघं. झाले आठ. तो पानावाला कुठंय? मशीन खोलनारा?"

पानावाला! त्या तेरा भागांत तो सगळा मिळून सहा वाक्यं बोलला असेल. हातात पाना घेऊन मागं कुठंतरी यंत्राखाली आडवा पडलेला असायचा. 'इतर आठ इसम' असं शाईनं पंधरा-वीस वेळा लिहिणारा मी, आणि मीच त्याला परक्या ग्रहावर विसरून आलो होतो. बोअरचं यंत्र त्यानंच चालवलं असतं, पण मला तेही सुचलं नव्हतं.

साखर तोंडात धरून सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, दुसरा खंड आहे.

"मंग जावा आन् आना त्याला," मावशी म्हणाली. तिच्या घरात संध्याकाळी मेंढरं आत घेताना मोजणी होते. एक कमी भरलं तर वाडग्याला, म्हणजे त्यांच्या काट्यांच्या कुंपणाला, झाप लावत नाहीत. कुणीतरी परत रानात जातं. त्यात रागवण्यासारखं किंवा दुःख करण्यासारखं काही नसतं, ते फक्त जातात. तिनं मला तेवढ्याच सहज सांगितलं.

पानावाल्याला आणायला मला शिमगा उजाडला. यान परत गेलं, तर तो जागेवर नाही. मग त्याचा माग. मग त्याला कारकुनांनी यंत्रं दुरुस्त करायला धरून ठेवलेलं. कामाचा माणूस असल्यामुळे सोडायला तयार नाहीत. हे मला एकदम पटलं, कारण शाळेतही तसंच असतं. त्याला घरी आणलं त्या दिवशी मावशीनं पेरांवर नऊ मोजले, मान हलवली आणि उठून गेली. मला शाळेतल्या नोकरीत मिळालेल्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा त्या मानेनं बरं वाटलं.

पण गाव मला सोडीना. तिसरा खंड, चौथा खंड. तीन वर्षं मी लिंबाखाली नववीचं भौतिकशास्त्र वाचत होतो. अभ्यासक्रम बदलला, ते पुस्तक शाळेतून रद्द झालं, माझं चालूच.

आणि मग एका सोमवारी, बंदमुळे दोन दिवस अडकलेली एसटी आली तेव्हा तिच्याबरोबर शिळं वर्तमानपत्र आलं. आतल्या पानावर चार ओळी: प्रेक्षकांच्या आग्रहावरून ती मालिका पुढच्या महिन्यापासून नव्या भागांसह पुन्हा सुरू होत आहे. मी ते पारावर उभा राहून वाचलं. ज्या बातमीसाठी मी शाईचं पॅड घेऊन वणवण फिरलो, ती हातात होती, आणि ती गावात कुणाच्या नजरेस पडू नये असं मला वाटू लागलं.

कारण उघड होतं. टीव्हीवर ते नऊ जण अजून त्याच ग्रहावर असणार. किंवा मेलेले असणार. किंवा ग्रहावर पाणीच पाणी असणार आणि कारकुनांचा पत्ता नसणार. पहिल्याच भागात कळणार की पुस्तक नाही, दुसरा खंड नाही, मास्तरानं तीन वर्षं सगळ्या गावाला बनवलं. मी वर्तमानपत्राची घडी करून खिशात टाकली. तोवर माझ्या खांद्यावरून सरपंचांनी बातमी वाचली होती.

"आवं, प्रेक्षकांच्या आग्रहावरून म्हंजे आपल्याच की!" ते ओरडले. "तुमच्या कार्डानं आलं, गुरुजी!"

सत्कार झाला तो असा. चावडीपुढं सतरंजी, शाल, नारळ. सरपंच भाषणात म्हणाले की दिल्लीला आपल्या गावाची दखल घ्यावी लागली. मग कुणाला तरी सुचलं की पुस्तकालाही हार घालावा. मी लाल फडकं छातीशी इतकं घट्ट धरलं की लोकांना माझी श्रद्धा बघून गहिवरून आलं. हार फडक्यावरूनच घातला गेला. मी 'नव्या भागांची आपण सर्वजण आतुरतेनं वाट पाहू या' एवढंच बोलू शकलो, आणि टाळ्या पडल्या.

गावानं वाट बघितली ती अशी की पोळ्याचीही बघत नाहीत. पंचायतीनं नवीन बुस्टर आणला. चावडी सारवली. पाळण्यातल्या पोरांना कप्तानाची गोष्ट सांगितली जाऊ लागली. पाहुण्यांना निरोप गेले. जो भेटेल तो विचारी, "गुरुजी, पुढं काय व्हनार, तुमाला तर माहीतच आसंल." मी हसून बोट ओठावर ठेवी. आणि यातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, भीतीच्या खाली मी स्वतःही तेवढ्याच आतुरतेनं वाट बघत होतो. मला त्या नऊ जणांचं खरोखर काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. तीन वर्षं त्यांना जगवून माझा त्यांच्यावर जीव बसला होता.

शनिवारी दुपारी भीती जिंकली. मी ठरवलं, अँटेना वाकडा करायचा. सरळ गुन्हाच, पण तोवर मी गुन्ह्याला सरावलो होतो. चावडीला शिडी लावून वर चढलो. दुपारी सगळे रानात असतील असा माझा हिशेब. बांबूला बांधलेला अँटेना मी धरला आणि होता त्याच्या उलट दिशेला फिरवला.

खालून आवाज आला, "आजून थोडं! आजून! आलं, आलं!"

सरपंच टीव्ही लावून बसले होते. मी घाबरून अँटेना आणखी पिरगाळला.

"काच! काचंवानी साफ दिसायलं, गुरुजी! आता हात लावू नका!"

इतकी वर्षं त्या अँटेनाचं तोंड चुकीच्या बाजूला होतं. मी तो बिघडवायला गेलो आणि गावातल्या टीव्हीवरच्या मुंग्या कायमच्या गेल्या. सरपंचांनी शिडीवरून माझ्यासाठी चहा वर पाठवला. तो मी पत्र्यावर बसून प्यालो. उतरायची छाती होत नव्हती.

रविवारी चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. लिंबाखालच्या तीन वर्षांची सवय होती म्हणून असेल, पण खिडकीबाहेर त्या दिवशी कुणी उभं नव्हतं. जे होते ते आत होते. माझी खुर्ची टीव्हीशेजारी मांडलेली. मावशी पुढच्या रांगेत, दोरा वळत. मी रात्रभर ठरवलं होतं की सुरुवात होण्याआधी उभं राहून सगळं कबूल करायचं. मी उभा राहिलो. घसा साफ केला. म्हणालो, "मंडळी, मला काही सांगायचंय."

"बसा की खाली, दिसंना झालंय!" मागून चार जण एकदम ओरडले.

मी बसलो.

संगीत वाजलं. 'अनेक वर्षांनंतर', असा एक घुमटातला आवाज आला. नवं यान, चकचकीत. नवा कप्तान, तरुण, केसांना तेल लावलेला. त्याच्याबरोबर चार नवी माणसं. ते कुठल्यातरी वेगळ्याच कामगिरीवर निघाले होते. मी वाट बघत होतो की आता जुन्या यानाचा विषय निघेल, आता निघेल. अर्धा तास झाला. भाग संपला. त्या नऊ जणांबद्दल एक शब्द नाही. ते मेले असंही नाही, आले असंही नाही. ज्यांनी मालिका पुन्हा सुरू केली त्यांना त्यांची आठवणच नव्हती.

मी वाचलो होतो. नुसता वाचलो नव्हतो, सरपंच उभे राहून म्हणाले, "बगा! गुरुजींच्या पुस्तकातच होतं, जुने घरी आले म्हून. म्हून तर हे नवे निघाले!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं खोटं इतकं चपखल बसलं होतं की आता ते उघडं पडण्याची सोयच राहिली नव्हती. लोक माझी पाठ थोपटत बाहेर पडले. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला होता. पानावाला राहू द्या, कप्तानालासुद्धा विसरले! तीन वर्षं मी ज्यांची वाट बघितली त्या लोकांना एका वाक्याची किंमत नव्हती. मी हार घातलेलं भौतिकशास्त्र घेऊन खोलीवर आलो आणि जेवलो नाही.

गर्दीत मी एक गोष्ट बघितली होती. नवा कप्तान आणि त्याची माणसं एकदा रांगेत उभी राहिली, तेव्हा मावशीनं पेरांवर पाच मोजले, दोरा गुंडाळला आणि ती मधूनच उठून गेली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. गावानं काही म्हटलं तरी तिला कळलंय, असं माझ्या मनानं घेतलं. संध्याकाळी दिवस कलताना मी खालच्या अंगाला गेलो. ती वाडग्याच्या तोंडाशी काठी घेऊन उभी होती, मेंढरं अजून माळावरून उतरत होती.

मी म्हणालो, "मावशी, ते पुस्तक खोटं आहे. तसं पुस्तक नाहीच. सगळं मी मनानं रचलं."

"माहीत हाय," ती म्हणाली.

"आज कळलं?"

"आज कशाला? पानावाला राहिला तव्हाच. पुस्तकात आसता तर तुमी इसरला नसता."

तीन वर्षं. पानावाल्यानंतरचे तिचे सगळे प्रश्न माहीत असून विचारलेले. मी कसाबसा म्हणालो, "मग एवढे दिवस ऐकायला का येत होतात?"

"तुमाला सांगितलं एक राहिला, तर तुमी माघारी जाऊन आनला," ती म्हणाली. "त्या पेटीतल्याला कुनी सांगायचं?"

ज्या मानासाठी मी तीन वर्षं खोटं बोललो तो तिच्याकडून कधी मिळालाच नव्हता, आणि जे मिळालं होतं ते मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. डोळे भरून आले तेव्हा मी ते लपवलेसुद्धा नाहीत. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मेंढरांची पहिली रांग धुळीतून जवळ आली होती.

"सरका बाजूला, गुरुजी," ती म्हणाली. "मोजायचंय."